फाळक्यावरचं कमळ: ट्रकच्या रंगकामाबद्दल वाचकांचे प्रश्न

ट्रक, टेम्पो आणि ट्रॉलीवरच्या रंगकामाबद्दल गेल्या महिन्यात प्रश्न मागवले होते. मालकांची पत्रं आली, पेंटरांची आली, कलाशाळेतल्या मुलांची आणि मास्तरांचीही आली. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: दरवर्षी पासिंगच्या (आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या) आधी गाडी रंगवून घेतो. यंदा फाळक्याला (माल भरायच्या हौद्याच्या मागच्या झडपेला) नवा पत्रा टाकला, त्यावर कमळं, मुलीचं नाव, 'आई-वडिलांचा आशीर्वाद' असं सगळं हौसेनं काढून घेतलं. सहा महिन्यांत रंगाचे पापुद्रे निघू लागले. पेंटर म्हणतो पत्रा वाईट, पत्रेवाला म्हणतो रंग हलका. खरं कोणाचं? (ट्रकमालक, बीड)

उत्तर: आधी एक बघा. जुन्या लोखंडी भागावरचा रंग टिकून आहे आणि नव्या पत्र्यावरचाच सुटतोय का? सुटलेल्या पापुद्र्याखाली गंज नसून स्वच्छ राखाडी पत्रा दिसतोय का? तसं असेल तर तो जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा आहे. पत्र्यात खोट नाही, रंगातही नाही. दोघांच्या मधला थर चुकलाय. ज्याला आपण ऑइल पेंट म्हणतो त्या सिंथेटिक एनॅमलमधल्या तेलाचा जस्ताशी संयोग होतो आणि रंगाच्या पाठीला साबणासारखा निसरडा थर तयार होतो. रंग वरून चकचकीत दिसतो आणि आतून धरच सोडतो. रंग भारीतला वापरला तरी हेच होणार.

आता तो सगळा रंग खरवडावा लागेल. पत्रा साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडा करा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलका हात फिरवा. जस्त घासून काढायचं नाही, फक्त चमक मोडायची. मग दोन डब्यांचा इच प्रायमर (काही दुकानांत वॉश प्रायमर म्हणतात) अगदी पातळ मारा, इतका पातळ की खालचा पत्रा अंधुक दिसत राहील. जाड मारला की तो ठिसूळ होतो आणि कचकन सुटतो. त्यावर चोवीस तासांच्या आत नेहमीचा मेटल प्रायमर आणि पुढे एनॅमल.

साध्या काळ्या लोखंडी पत्र्याची पद्धत वेगळी. बिजागऱ्या आणि साखळीच्या कड्यांजवळ ग्रीस असतं, ते टर्पेंटाइननं पुसून काढल्याशिवाय पेपर मारूच नका, नाहीतर ग्रीस घासून घासून सगळीकडे पसरतं. तारेच्या ब्रशनं गंज काढायचा, ८० आणि मग १५० नंबरचा पेपर, आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर दवानं सकाळी तांबूस झालेला असतो. प्रायमर रात्रभर वाळू द्या. खड्ड्यांत पुट्टी भरायची ती दोन-तीन पातळ हातांनी. एकाच जाड थापेत भरलेली पुट्टी वरून वाळते, आतून ओली राहते आणि पहिल्या खराब रस्त्यावर तडकते. पुट्टीवर ३२० चा पेपर, पुन्हा प्रायमरचा हात, मग एनॅमलचे दोन हात, मध्ये एक रात्र.

आठ फूट बाय अडीच फुटांच्या फाळक्याला दोन हातांसाठी साधारण अर्धा लिटर एनॅमल लागतं, प्रायमर पाव लिटर ते तीनशे मिली. रंग पातळ करायला टर्पेंटाइन, तेही दहा टक्क्यांच्या आत. इथे एक घोटाळा नेहमी होतो: स्प्रेच्या कामाचा एनसी थिनर हाताशी असतो आणि तोच एनॅमलमध्ये ओतला जातो. रंग फाटतो. एनॅमलच्या वाळलेल्या थरावर थिनरवाला रंग मारला तरी खालचा थर सुरकुततो. फुलं आणि अक्षरं किमान चोवीस तासांनी काढायला घ्यावीत. संध्याकाळी पाचनंतर, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर, शेवटचा हात मारू नये; दवामुळे तकाकी जाऊन रंग पांढुरका पडतो.

आणि गाडी धुतल्यावर चमक यावी म्हणून डिझेलचा फवारा मारतात, तो बंद करा. दोन दिवस चमक दिसते, पुढे त्याच डिझेलवर धूळ बसते आणि रंग मऊ पडत जातो.

प्रश्न: 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलं तर दंड होतो असं ड्रायव्हर म्हणतात. मग फाळक्यावर लिहायचं तरी काय? (वाहतूक व्यावसायिक, जळगाव)

उत्तर: महाराष्ट्रात परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्ये हे शब्द लिहायला मनाई केली. ते वाचून मागचा माणूस विनाकारण हॉर्न वाजवतो, हे कारण. विनाकारण हॉर्न वाजवणं हा स्वतंत्र गुन्हाही आहे: मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा १,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास २,००० रुपये दंड. परराज्यातल्या गाड्यांवर हे शब्द दिसतात म्हणून आपल्याही गाडीवर चालतील असं धरू नका.

बाकी मजकुराला जागा भरपूर आहे. 'पुन्हा भेटू', 'येळकोट येळकोट जय मल्हार', 'ज्योतिबाच्या नावानं चांगभलं', मुलांची नावं, गावाचं नाव, डिझेलच्या टाकीवर 'इराक का पानी'. यातल्या कशालाच अडचण नाही. अडचण येते ती जागेमुळे. रिफ्लेक्टर, मागचे दिवे आणि नंबरप्लेट यांच्यावर रंगाचा थेंबही नको. पुढच्या काचेवर देवाचं मोठं चित्र किंवा नावाची रुंद पट्टी नको. त्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. नंबरात 'दादा' किंवा 'राज' दिसेल अशी आकड्यांची मोडतोड तर नकोच. गाडीचा मूळ रंग बदलायचा असेल तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्या, कारण पासिंगला रंग ताडून बघतात.

पूर्वी नंबर लिहिणं हे पेंटरचं हुकमी काम होतं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनी-विक्रेत्याकडूनच उच्च सुरक्षा नंबरप्लेट येते, ते काम गेलं. केबिनच्या बाजूचा नंबर, मालकाचं नाव-पत्ता, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं वजन, परमिटच्या तारखा हा मजकूर मात्र अजून हातानं लिहिला जातो. मालकांना आमचा आग्रह आहे की निदान एवढं तरी स्टिकरवर ढकलू नका. फुलं काढणारा हात याच रोजच्या कामावर टिकून असतो.

प्रश्न: कलाशाळेत शेवटच्या वर्षाला आहे. ट्रकवरच्या चित्रांवर प्रकल्प करायचाय. फोटो काढलेत तीनशे, पण सर म्हणतात याला दस्तऐवज म्हणत नाहीत. काय कमी आहे? (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: तुमच्या सरांचं बरोबर आहे. तीनशे ट्रकांचा एकेक फोटो असण्यापेक्षा दहा ट्रकांचे तीस-तीस असते तर ते काम पुढे कुणाला वापरता आलं असतं. ट्रकवर चित्र कुठे आहे यावर बरंच ठरतं. केबिनच्या कपाळावर देव किंवा मालकाचं नाव. हौद्याच्या बाजूंना खांबांनी पाडलेल्या चौकटी आणि त्यांत कमळ, मोर, गाय-वासरू. मागे फाळक्यावर संदेश. मडफ्लॅपवर (चाकामागच्या रबरी पडद्यावर) नजर लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड. चाकाच्या मध्यावर रंगीत वलयं, गाडी चालली की फिरणारी. सुटं कमळ टिपलंत तर ते कोणत्या चौकटीतलं आणि शेजारी काय होतं हे हरवतं.

वडाळा, कळंबोली, निगडी इथल्या ट्रक थांब्यांवर गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. सकाळी नवाच्या आत जा किंवा ढगाळ दिवस निवडा. एनॅमलवर ऊन आणि फ्लॅश दोन्ही चमकतात आणि रंग खोटा दिसतो. कॅमेरा चौकटीच्या मध्याच्या उंचीवर, अगदी समोर. एक मीटरची खुणा केलेली काठी एका फोटोत तरी शेजारी धरा, नाहीतर आकार कळत नाही. आधी चारही बाजू पूर्ण, मग प्रत्येक चौकट, मग जवळून कुंचल्याचे फटकारे आणि पेंटरची सही. बहुतेक पेंटर नावाखाली मोबाइल नंबर आणि गाव लिहितात. तीच तुमची सगळ्यांत मोलाची नोंद, कारण तिच्यावरून माणसापर्यंत पोचता येतं.

प्रत्येक गाडीची एक पानभर नोंद ठेवा: तारीख, ठिकाण, गाडीचं मॉडेल आणि वर्ष, नोंदणीचं राज्य, बॉडी कुठे बांधली, कोणी रंगवली, किती दिवस लागले, आधार पत्रा की लाकूड, कोणता भाग हातचा आणि कोणता स्टिकर, चित्र कोणाच्या सांगण्यावरून आलं. बॉडीचं गाव विचारायला विसरू नका. पंजाबातल्या सरहिंदला किंवा तमिळनाडूतल्या नामक्कलला बांधलेली गाडी महाराष्ट्रात दहा वर्षं चालली की मूळ कामावर इथल्या पेंटरचे थर चढतात. एकाच गाडीवर दोन प्रांतांचे हात दिसतात. तपकिरी केबिनला पांढरा काठ दिसला तर तीही नोंद करा. नॅशनल परमिटच्या गाडीला सुक्या पानाचा तपकिरी रंग आणि तीस सेंटीमीटरचा पांढरा काठ असा सरकारी नियमच होता. आपण जिला लोककला म्हणतो तिची अर्धी रंगसंगती नियमपुस्तकातून आलेली असते, हे प्रकल्पात आवर्जून यावं.

शक्य तर पेंटरचा खाका मिळवा किंवा त्याचा फोटो घ्या. खाका म्हणजे नक्षीच्या रेघेवर सुईनं भोकं पाडलेला कागद. पत्र्यावर धरून कोळशाच्या किंवा खडूच्या पुरचुंडीनं थोपटला की ठिपके उमटतात. चित्र पुढच्या रंगकामात पुसलं जातं, खाका राहतो. ड्रायव्हर-मालकाची परवानगी घ्या. छापताना गाडीचा नंबर झाका, पेंटरचं नाव मात्र त्याला विचारून जरूर द्या.

प्रश्न: ऊसवाहतुकीच्या दोन ट्रॉल्या आहेत. मुलांना त्यावर वाघ, नाव, झालर असं सगळं रेडियममध्ये करायचंय. पेंट बरा की रेडियम? (शेतकरी, सांगली)

उत्तर: वाघ पेंटनं काढा आणि रेडियमचा पैसा सुरक्षेच्या पट्टीवर घाला. बाजारात रेडियम या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक साधं रंगीत स्टिकर, रात्री त्याचा काही उपयोग नाही. दुसरी प्रकाश परत फेकणारी पट्टी. पारख सोपी आहे: अंधारात दहा मीटरवर उभं राहून टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरा. खरी पट्टी दिव्यासारखी उजळते, साधं स्टिकर मंदच राहतं.

ट्रकला असतो तोच क्रम ट्रॉलीला ठेवा: समोर पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल, रुंदी पन्नास मिलिमीटर. ऊस भरल्यावर मोळ्या मागे लोंबतात आणि फाळक्यावरचं सगळं झाकतात. म्हणून मागची पट्टी फाळक्यावर न लावता सगळ्यांत खालच्या आडव्या अँगलवर आणि दोन्ही कोपऱ्यांच्या खांबांवर लावा. शिवाय लोंबणाऱ्या उसाच्या टोकाला रिफ्लेक्टरचा त्रिकोण बांधा. ताज्या रंगावर पट्टी चिकटवली तर आतल्या वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि फुगे येतात. रंगकामानंतर निदान आठवडा थांबा. जागा स्पिरिटनं पुसा, रिव्हेट आणि सांध्यावर पट्टी कापा, कोपरे गोल करा. टोकदार कोपराच आधी उचकटतो. हंगामात रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायची. चिखलाचा पातळ थरसुद्धा चमक घालवतो. रात्रीच्या अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळून माणसं जातात. हे काम टाळू नका.

वाघासाठी गडद निळी किंवा काळी जमीन (चित्रामागचा सपाट रंग) घ्या. पिवळा-नारिंगी तिच्यावर उठून दिसतो. गुलाबी आणि हलका लाल उन्हात सगळ्यांत आधी उडतो, हे धरूनच रंग निवडा.

प्रश्न: बोर्ड लिहायचं काम करतो, आता ट्रकचीही कामं येतात. माझी अक्षरं जवळून बरी वाटतात, लांबून मात्र गिचमीड. शेड दिली की आणखी बिघडतं. (तरुण पेंटर, लातूर)

उत्तर: बहुधा तुम्ही अक्षराला जागा देताय आणि मात्रांना देत नाही. फाळक्याची मोकळी उंची मोजा. अक्षराचं अंग एक भाग धरलं तर वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला प्रत्येकी एक तृतीयांश तरी सोडा. म्हणजे वीस इंचांच्या पट्टीत अंगाची उंची बारा इंच येते, आणि ओळ एकच. दोन ओळींचा मोह पडला तर अंग साडेपाच इंचांपर्यंत खाली येतं, कारण ओळींच्या मध्येही थोडं अंतर लागतं. चार इंची अक्षर चाळीसेक फुटांवरून आरामात वाचता येतं, यापेक्षा लहान अक्षर फाळक्यावर घालू नये. 'आशीर्वाद'मधला रफार वेलांटीच्या काठीवर चढतो की नाही, ते आधी खडूनं लिहून बघा. गिचमीड तिथेच होते.

दोरीला खडू लावून दोन टोकं धरून फटकन ओढली की सरळ रेघ उमटते. शिरोरेघ, अंगाची खालची रेघ, मात्रेची वरची रेघ अशा तीन दोऱ्या मारा. मजकूर मधोमध आणायचा तर अक्षरं नुसती मोजू नका. 'र' अर्धा, 'श' दीड असं वजन धरून मोजा. हात टेकवायला काठी घ्या, एका टोकाला कापडाचा गोळा बांधलेली. मनगट तिच्यावर ठेवलं की उभा दंड एका दमात ओढता येतो. दोनदा ओढलेल्या दंडाला कडेला लाट दिसते.

शेडचं म्हणाल तर अक्षर पूर्ण वाळल्याशिवाय हात लावू नका. उजेड कुठून येतोय ते एकदा ठरवा, शेवटच्या अक्षरापर्यंत तेच. उजेड उजवीकडून वरून धरून शेड डावीकडे खाली टाकली तर सोपं जातं. शेडची रुंदी दंडाच्या पावपट पुरे. आणि मुख्य गोष्ट: अक्षर आणि शेड यांच्यामध्ये जमिनीच्या रंगाची बारीक फट सोडा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. ही फट सुटली नाही की लांबून अक्षर आणि सावली एकच जाड डाग होतात. तुमचं इथेच बिघडतंय असं वाटतं. शेडचा रंग काळा न घेता जमिनीच्याच रंगात काळा मिसळून घ्या. पांढरी चमक सगळ्यांत शेवटी, उजेडाच्या बाजूला, तीही दोन-तीन ठिकाणीच.

कमळाच्या पाकळीला चपटा इंची ब्रश घ्या. एक कोपरा पांढऱ्यात, दुसरा गुलाबीत बुडवा, पुठ्ठ्यावर दोन-तीनदा मागे-पुढे ओढून मधले रंग एकमेकांत मुरू द्या. मग पांढरा कोपरा बाहेर ठेवून ब्रश टेकवा, दाबत वळवा आणि टोकाला उचलून घ्या. एका फटक्यात पाकळी कडेला उजळ आणि आत गडद उतरते. रंग फार पातळ असेल तर दोन्ही मिसळून सपाट होतात. सायीइतका दाट हवा. ब्रश टर्पेंटाइननं धुऊन तेलाचं बोट फिरवा आणि केसांना आकार देऊन आडवा ठेवा. डब्यात उभा ठेवलेला ब्रश आठवड्यात वाकतो.

दर ठरवताना जमीन भरण्याचा चौरस फुटावर, अक्षरांचा नगावर आणि चित्राचा वेगळा असा हिशेब करा. तिन्ही एका ठोक रकमेत घातले की चित्र नेहमी फुकट जातं.

प्रश्न: भंगारातून जुना रंगवलेला फाळका घेतला. दिवाणखान्यात लावायचाय. वॉर्निश मारू का? (पुणे)

उत्तर: वॉर्निश नको. ते वर्षा-दोन वर्षांत पिवळं पडतं, पांढरा रंग मळकट दिसतो, आणि पुढे काढायला जावं तर खालचा रंगही निघतो.

सगळ्यांत आधी एक सावधगिरी. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल एनॅमलमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९०) आणणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग शिशाचाच आहे असं धरून चाला. त्यामुळे कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही, हीट गन लावायची नाही. सुटलेले पापुद्रे ओल्या फडक्यानं टिपून पिशवीत बांधा. लहान मुलं जिथे हात लावतील तिथे हा फाळका नको आणि त्याचं जेवणाचं टेबल तर मुळीच करू नका.

साफ करायला लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण. आधी कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यानं प्रयोग करा. बोळ्यावर रंग आला तर तिथेच थांबा. मग घट्ट पिळलेल्या फडक्यानं वीतभर जागा पुसायची आणि लगेच कोरडी करायची. थिनर, रॉकेल, सोडा काहीही नको. पूर्ण वाळल्यावर रंगहीन मेणाचा पातळ हात देऊन मऊ कापडानं घासा. उन्हानं पांढुरका पडलेला रंग त्यानं बराचसा उजळतो. मागच्या बाजूचा गंज काढून रेड ऑक्साइड मारा, पुढच्या बाजूला काही भरू नका, फिकट झालेलं नव्यानं रंगवू नका. बिजागऱ्या आणि साखळीच्या कड्या काढून टाकू नका, त्या त्या वस्तूचाच भाग आहेत. रंग पापुद्र्यापापुद्र्यानं उचकलेला असेल तर घरी गोंद लावत बसू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्याही प्रयोगशाळा आहेत, तिथे विचारा.

आणि वजन. आठ बाय दोन फुटांचा सोळा गेजचा नुसता पत्राच एकोणीस किलोच्या आसपास भरतो, अँगलची चौकट वेगळी. खाली भिंतीत अँगलचे आधार ठोकून त्यावर फाळका बसवा, वरचे हूक फक्त पुढे कलू नये म्हणून.

कडेला खरचटलेल्या जागी बारकाईनं पाहिलं तर लाल, निळा, पुन्हा लाल असे थर दिसतील. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो आणि त्याआधी बरेच मालक गाडी नव्यानं रंगवून घेतात. या थरांसाठी तरी ती कड तशीच राहू द्या.

प्रश्न: ही कला संपत चालली आहे असं सगळे म्हणतात. तिला जागतिक वारसा म्हणून घोषित करून घेता येईल का? आणि स्टिकर लावलेल्या गाडीला लोककला म्हणायचं का? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर: वाहनांवरच्या कलेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या (कला, परंपरा, कसब यांच्या) यादीत जागा मिळालेली आहे. कोस्टारिकातल्या रंगीत बैलगाड्यांची परंपरा त्यात आहे, २०२३ मध्ये ढाक्याच्या रिक्षा आणि रिक्षाचित्रं आली. २०१५ मध्ये ब्युनोस आयरिसची फिलेते नावाची नक्षी आली. फिलेतेची हकिकत आपण नीट समजून घ्यावी. ती गाड्यांवर आणि बसवर वाढली, १९७५ मध्ये बसवर ती काढायला बंदी आली, आणि तरीही ती राहिली, कारण रंगाऱ्यांनी ती पाट्यांवर, दुकानांवर, चित्रांवर नेली आणि शिकवत राहिले. यादीत नाव नंतर चाळीस वर्षांनी आलं.

भारतात या यादीच्या कामासाठी संगीत नाटक अकादमी ही मध्यवर्ती संस्था आहे. प्रस्तावाला देशातली नोंद लागते आणि ती कला जगणाऱ्या समाजाची संमती आणि सहभाग लागतो. ट्रकच्या बाबतीत अडतं ते इथेच. पेंटर एकेकटे आहेत, त्यांची संघटना नाही, त्यांच्या कामाची यादी कुणाकडे नाही. आधी जिल्हावार पेंटरांची नोंद, मग पुढचं. वरच्या नाशिकच्या विद्यार्थिनीचं काम म्हणूनच महत्त्वाचं.

ओहोटीची कारणं तशी सरळ आहेत. पूर्वी मालक कंपनीकडून नुसती चासी (खालचा सांगाडा) आणि काऊल (केबिनशिवायचा पुढचा भाग) घ्यायचा; केबिन आणि हौदा बॉडीवाला लाकूड-पत्र्यात बांधायचा आणि सपाट चौकटी पेंटरच्या वाट्याला यायच्या. आता केबिन कारखान्यातून पूर्ण तयार येते, वळणदार, भट्टीत भाजलेल्या रंगाची, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिनच बंधनकारक आहे. ती सोयही ड्रायव्हरच्या हक्काची आहे, तिला नावं ठेवू नयेत. कंटेनरच्या गाड्या कंपन्यांच्या मालकीच्या. तिथे मुलीचं नाव लिहायला सांगणारा मालक नसतो. पेंटर राहतो तो एक-दोन गाड्यांच्या मालकाच्या जिवावर.

स्टिकरबद्दल आमचं मत असं. रेडियमवाला गिऱ्हाईक समोर बसवून, त्याच्या आवडीचं नाव आणि देव घेऊन, हातानं कापून लावत असेल, तर तीही लोककलाच आहे. कराचीतली चमकपट्टी (चमकत्या स्टिकरची नक्षी) याच वाटेनं तिथल्या ट्रकांची ओळख झाली. तयार फाइल उतरवून हजार गाड्यांना तोच वाघ छापला जात असेल तर तो माल झाला. पण स्टिकरनं पेंटरचं कसब शिकता येत नाही, म्हणून दोन्हींना सारखं मानायला आम्ही तयार नाही. दंड एका दमात ओढणारं मनगट तयार व्हायला वर्षं लागतात आणि एक पिढी खंडली तर ते पुस्तकातून परत येत नाही. दिल्लीचे दिवंगत चित्रकार हनीफ कुरेशी यांनी बोर्ड पेंटरांची अक्षरं त्यांच्या नावासह संगणकाच्या फॉन्टमध्ये आणली. त्यामुळे अक्षरांचा आकार टिकला, हे मोठंच काम. हात वाचवायला मात्र कामं द्यावी लागतील. शाळेची भिंत, ग्रामपंचायतीचा बोर्ड, यात्रेतली कमान फ्लेक्सऐवजी तालुक्यातल्या पेंटरकडून करून घ्या, आणि दोन मुलं हाताखाली घ्यायची अट घाला.

प्रश्न: एका हॉटेलवाल्यासाठी ट्रकच्या शैलीत भिंत रंगवली. आता तेच चित्र त्यानं कपांवर आणि टी-शर्टवर छापलंय, मला विचारलंही नाही. हक्क कोणाचा? (पेंटर, ठाणे)

उत्तर: कमळ, मोर, नजरेचा राक्षस हे आकार कोणाच्याच मालकीचे नाहीत. तुम्ही काढलेलं विशिष्ट चित्र मात्र कॉपीराइटमध्ये येतं, नोंदणी केलेली नसली तरी. अडचण पुढे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक काढून घेणारा ठरतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लेखी काहीच नसेल तर हॉटेलवाल्याची बाजू भक्कम आहे. तुमच्याकडे उरतो तो कलम ५७ चा हक्क: चित्र तुमचं आहे असं सांगण्याचा, आणि त्याची तुमच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा. त्या आधारे कपांवर नाव छापण्याची मागणी आत्ताच लेखी करा.

पुढच्या कामाला बिलावरच दोन ओळी लिहा: 'हे चित्र फक्त या भिंतीसाठी आहे. कॉपीराइट पेंटरकडे राहील. इतरत्र छापायचं असल्यास वेगळा करार व मोबदला.' खाली दोघांच्या सह्या आणि तारीख, काम सुरू होण्याआधी. व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाइकाला हाच मजकूर पाठवून त्याचं 'मान्य' असं उत्तर घेतलं तरी पुरावा म्हणून उपयोगी पडतं. चित्राच्या कोपऱ्यात सही आणि वर्ष घाला आणि काम पूर्ण झाल्यावर सहीसकट फोटो काढून ठेवा.